विद्यापीठामार्फत

सरकारी संशोधन-अनुदानासाठी अर्ज करू पाहणाऱ्या प्राध्यापकाला आज पहिली गोष्ट कळते ती ही, की अर्ज त्याचा असला तरी त्याला तो एकट्याच्या नावावर करता येत नाही. कल्पना त्याची, मांडणी त्याची, रात्री जागून तयार केलेला खर्चाचा तक्ताही त्याचाच. पण प्रस्तावासोबत संस्थाप्रमुखाच्या सही-शिक्क्याचे पत्र लागते. प्रयोगशाळेला जागा, वीज आणि पाणी आम्ही देऊ, हिशेब आम्ही ठेवू, प्रमुख संशोधक मध्येच सोडून गेला तर काम तडीस नेण्याची जबाबदारीही आमची, अशी हमी त्या पत्रात असते. मंजूर रक्कम संस्थेच्या खात्यात जमा होते. उपकरणाची खरेदी संस्थेच्या खरेदी समितीतून होते आणि वर्षअखेरीचे ‘उपयोगिता प्रमाणपत्र’ संस्थेच्या वित्त अधिकाऱ्याच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही. जुन्या पिढीतले प्राध्यापक अशा अर्जाच्या माथ्यावर ‘मा. कुलसचिव यांच्यामार्फत’ असे लिहीत.

‘मार्फत’ हा शब्द मुळात अरबी. ‘मारिफत’ म्हणजे ज्ञान, ओळख. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि दप्तरी भाषेत ‘च्या हस्ते’, ‘च्या वतीने’ एवढ्यापुरता उरला. मधला माणूस ओळखीचा आहे म्हणून त्याच्या हाती काम सोपवायचे, हा त्यामागचा भाव. संशोधनाच्या पैशाबाबत हा मधला माणूस कोण असावा, या प्रश्नावर भारतात एकेकाळी मोठा मतभेद होता. पैसा विद्यापीठाच्या हाती द्यावा की विद्यापीठाला वळसा घालून थेट एखाद्या समर्थ शास्त्रज्ञाच्या हाती? विसाव्या शतकाच्या चाळिशीत दोन भौतिकशास्त्रज्ञांनी मुंबईतल्या एकाच विश्वस्त निधीकडे मदत मागितली. एकाने ती विद्यापीठासाठी मागितली, दुसऱ्याने विद्यापीठाबाहेर उभारायच्या संस्थेसाठी. दोघांनाही पैसे मिळाले. पण स्वतंत्र भारताने जो रस्ता धरला तो दुसऱ्याचा. आजच्या विद्यापीठांची प्रकृती समजून घ्यायची तर या दोन मागण्यांपर्यंत मागे जावे लागते, आणि त्यासाठी सुरुवात करावी लागते ती कोलकात्यापासून.

१८५७ मध्ये मुंबई, कोलकाता आणि मद्रास इथे विद्यापीठे स्थापन झाली तेव्हा त्यांचे काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच होते. शिकवायचे ते महाविद्यालयांनी. संशोधन हा शब्द त्यांच्या व्यवहारात नव्हताच. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः अध्यापन करण्याची मुभा दिली. पण मुभेबरोबर पैसे दिले नाहीत. कोलकाता विद्यापीठाचे कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांनी या मुभेचा सर्वांत मोठा उपयोग करून घेतला. पेशाने ते न्यायाधीश, मूळचे गणिती. सरकारकडून पुरेसे मिळत नाही हे दिसल्यावर त्यांनी आपल्याच व्यवसायातल्या दोन धनिकांना गाठले. बॅरिस्टर तारकनाथ पालित यांनी १९१२ मध्ये जमीन आणि रोख मिळून सुमारे १५ लाखांची मालमत्ता विद्यापीठाला दिली. पुढच्या वर्षी नामवंत वकील रासबिहारी घोष यांनी १० लाख रुपये दिले. त्या देणग्यांवर २७ मार्च १९१४ रोजी विज्ञान महाविद्यालयाची पायाभरणी झाली.

देणग्यांना अटी होत्या. या पैशातून निर्माण होणारी प्राध्यापकपदे भारतीयांनाच द्यायची, ही त्यांतली मुख्य अट. शासकीय महाविद्यालयांत वरच्या श्रेणीच्या जागा बहुतांशी युरोपियनांकडे असण्याच्या त्या काळात तिचे मोल वेगळे सांगायला नको. पालित प्राध्यापकपदासाठी परदेशी शिक्षणाचीही अपेक्षा होती. सरकारी अर्थखात्यातली नोकरी सोडून येऊ पाहणाऱ्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तेवढ्यासाठी परदेशी जायला नकार दिला, तेव्हा आशुतोषबाबूंनी ती बाजूला ठेवली. १९१७ मध्ये रामन तिथे रुजू झाले. रसायनाच्या पालित पदावर प्रफुल्लचंद्र राय आले. आणि अध्यापक म्हणून नुकतेच एम.एस्सी. झालेले दोन तरुण घेतले गेले : सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा.

मुंबईत त्या काळी विद्यापीठाजवळ असे काही नव्हते. १९२० मध्ये उघडलेली रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही सरकारची संस्था होती. पण मुंबईचा पैसा मात्र कोलकात्यात आधीच पोचला होता. कापसाच्या व्यापारात अमाप कमावणारे आणि १८६५ च्या शेअरबाजारातल्या पडझडीत बुडालेले प्रेमचंद रायचंद आपल्याला परिचित आहेत ते राजाबाई टॉवरमुळे. त्यांच्या आईच्या नावाचा तो मनोरा मुंबई विद्यापीठासाठी त्यांच्याच देणगीतून उभा राहिला. त्यांनी कोलकाता विद्यापीठालाही २ लाख रुपये दिले होते, १८६६ मध्ये. त्या रकमेच्या व्याजातून ‘प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती’ सुरू झाली आणि बंगालच्या विद्वत्तेत तिला मानाचे स्थान मिळाले. खुद्द आशुतोष मुखर्जी तिचे मानकरी होते. १९१९ मध्ये ती मेघनाद साहांना मिळाली.

साहा ढाका जिल्ह्यातल्या शेवडातली गावच्या एका किरकोळ दुकानदाराचा मुलगा. घरची परिस्थिती अशी की प्राथमिक शाळेनंतर गावाबाहेर शिकायचे तर कोणीतरी जेवणा-राहण्याची सोय करणारा भेटायला हवा होता, आणि एक डॉक्टर तसा भेटला. १९०५ च्या वंगभंगाच्या आंदोलनात भाग घेतल्यामुळे ढाक्याच्या सरकारी शाळेतून त्यांना काढले गेले आणि शिष्यवृत्तीही गेली. असा हा मुलगा विज्ञान महाविद्यालयात अध्यापक झाला, तेव्हा त्याच्यापाशी प्रश्न होते, ग्रंथ होते, पण प्रयोगशाळा नावापुरतीच होती.

पैशाअभावी संशोधन कसे अडते याचा एक अनुभव त्यांना सुरुवातीलाच आला. प्रकाशाचा दाब निवडक अणूंवर कसा काम करतो, या विषयावरचा एक दीर्घ लेख त्यांनी १९१७ च्या सुमारास अमेरिकेतल्या ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’कडे पाठवला. लेख लांब असल्यामुळे छपाईच्या खर्चाचा वाटा लेखकाने उचलावा, असे उत्तर आले. अध्यापकाच्या पगारात ते जमणारे नव्हते आणि ती रक्कम देणारे कोणी विद्यापीठातही नव्हते. शेवटी त्या नियतकालिकात एक छोटे टिपण तेवढे छापून आले. सविस्तर लेख कोलकाता विद्यापीठाच्या स्वतःच्या पत्रिकेत आला. ती पत्रिका बाहेरच्या जगात फारसे कोणी वाचत नव्हते.

प्रेमचंद रायचंद आणि गुरुप्रसन्न घोष या दोन शिष्यवृत्त्यांच्या बळावर साहा युरोपला गेले. लंडनमध्ये आल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेत आणि बर्लिनमध्ये वाल्थर नेर्न्स्ट यांच्याकडे त्यांनी काम केले. ताऱ्यांच्या वर्णपटावरून त्यांच्या वातावरणाचे तापमान आणि अणूंची अवस्था सांगणारे त्यांचे आयनीभवनाचे समीकरण १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. खगोलभौतिकीत ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९२१ च्या अखेरीस ते ‘खैरा प्राध्यापक’ म्हणून कोलकात्याला परतले. नाव झाले होते, पद मिळाले होते. साहाय्यक आणि उपकरणे यांसाठी मात्र पैसे नव्हते.

पैसे का नव्हते, याचे कारण त्याच सुमारास चव्हाट्यावर आले. विद्यापीठ तोट्यात होते, शिक्षकांचे पगार थकले होते. बंगाल सरकारने अडीच लाख रुपये देऊ केले. त्याबरोबर विद्यापीठाच्या कारभारावर आणि हिशेबावर सरकारी नियंत्रण आणणाऱ्या अटी होत्या. १९२२ च्या अखेरीस सिनेटपुढे बोलताना आशुतोष मुखर्जींनी ते पैसे नाकारले. एका हातात गुलामी आणि दुसऱ्या हातात पैसा असेल तर हा देकार मला तुच्छ वाटतो, खर्च कमी करू, वेळ पडली तर उपाशी राहू, बंगालमध्ये दारोदार हिंडू, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. स्वातंत्र्य आधी, स्वातंत्र्य नंतर आणि स्वातंत्र्य सदैव, अशा अर्थाचा त्याचा शेवट बंगालमध्ये पुढे पिढ्यान् पिढ्या सांगितला गेला.

तो बाणेदारपणा आपल्याला भावतो, भावायलाच हवा. पण त्याची किंमत कोणी मोजली तेही पाहावे लागते. १९२३ मध्ये साहा कोलकाता सोडून अलाहाबाद विद्यापीठात गेले. तिथे शिकवण्याचा बोजा मोठा होता आणि प्रयोगशाळा जवळजवळ शून्यातून उभारायची होती. १९२७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले, आणि त्यानंतर संयुक्त प्रांताच्या सरकारने त्यांना संशोधनासाठी वार्षिक अनुदान सुरू केले. माणूस तोच होता, विद्यापीठही तेच. मधल्या काळात बदल झाला होता तो लंडनच्या मान्यतेचा.

त्यांचे मित्र सत्येंद्रनाथ बोस यांचा अनुभव याहून बोलका आहे. ते १९२१ मध्ये नव्या ढाका विद्यापीठात गेले होते. दोन वर्षे युरोपात जाऊन काम करता यावे म्हणून त्यांनी विद्यापीठाकडे अभ्यासरजेचा अर्ज केला होता, आणि त्यावर निर्णय होत नव्हता. जून १९२४ मध्ये त्यांनी आपला प्रकाशकणांविषयीचा लेख अल्बर्ट आइन्स्टाइन यांना पाठवला. आइन्स्टाइन यांनी स्वतः तो जर्मन भाषेत आणून प्रसिद्धीला दिला आणि जुलैमध्ये बोसांना एक पोस्टकार्ड पाठवले. ते कार्ड विद्यापीठात दाखवताच सगळे प्रश्न मिटले, अशी आठवण बोसांनी पुढे सांगितली आहे. रजा मिळाली, प्रवासखर्च मिळाला, मागे कुटुंबासाठी भत्ता मिळाला. जर्मन वकिलातीने तर कार्ड पाहून व्हिसाचे शुल्कही घेतले नाही.

ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. तिच्यातली दुसरी बाजू अशी, की आपल्याच अध्यापकाचे काम जोखण्याची यंत्रणा विद्यापीठापाशी नव्हती. अर्जावर निर्णय घ्यायला बर्लिनहून पोस्टकार्ड यावे लागले. ‘मार्फत’ या शब्दातला मूळ अर्थ, म्हणजे ज्ञान, इथे हरवला होता. दप्तर तेवढे उरले होते.

१९३८ मध्ये साहा पालित प्राध्यापक म्हणून कोलकात्याला परत आले. आता त्यांचे लक्ष अणुकेंद्राच्या अभ्यासाकडे होते. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात अर्नेस्ट लॉरेन्स सायक्लोट्रॉन नावाची यंत्रे बांधत होते. विद्युतभारित कणांना चुंबकाच्या साहाय्याने वर्तुळात फिरवत प्रचंड वेग देणारी ही यंत्रे महाग होती, आणि लॉरेन्स हे पैसा उभा करण्यातही तितकेच निष्णात होते. वैद्यकासाठी किरणोत्सारी द्रव्ये मिळतील, कर्करोगाच्या उपचारांना उपयोग होईल, हे ते दात्यांना पटवून देत. १९४० मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने त्यांच्या पुढच्या महायंत्रासाठी ११ लाख ५० हजार डॉलर मंजूर केले, आणि ते दिले कॅलिफोर्निया विद्यापीठाला. साहांनी आपला विद्यार्थी बासंतीदुलाल नाग चौधुरी याला लॉरेन्स यांच्याकडे धाडले आणि इकडे पैशाची जुळवाजुळव सुरू केली.

काँग्रेसच्या राष्ट्रीय नियोजन समितीत साहा काम करत होते आणि तिचे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. नेहरूंनी शब्द टाकला. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीने कोलकाता विद्यापीठातल्या सायक्लोट्रॉनसाठी ६० हजार रुपये दिले. १९४१ मध्ये नाग चौधुरी परतले. चुंबकाचे काही भागही आले. मग युद्ध भारताच्या दाराशी पोचले. निर्वात पंप घेऊन येणारे जहाज बुडाले. कोलकात्यात ते पंप बनवणारा कारखाना नव्हता, विद्यापीठापाशी तेवढ्या कसबाची कार्यशाळा नव्हती, आणि अमेरिकेतले सगळे कसबी हात बॉम्बच्या गुप्त कामात अडकले होते. यंत्र प्रत्यक्ष चालू व्हायला त्यापुढे कितीतरी वर्षे गेली. जहाज बुडाले ही दुर्दैवाची गोष्ट. पण ६० हजारांत यंत्र येते. ते चालवणारी कार्यशाळा, तंत्रज्ञ, दुरुस्तीचा रोजचा खर्च हे येत नाही. विद्यापीठाने ते पुरवायचे असे गृहीत असते, आणि विद्यापीठापाशी ते नसते. आज जिल्ह्याच्या गावी प्रकल्प मंजूर झालेल्या कोणत्याही प्राध्यापकाला हे वाक्य ओळखीचे वाटेल.

नेमक्या याच काळात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होमी जहांगीर भाभा होते. १९३९ मध्ये केंब्रिजहून सुटीवर आले आणि युद्धामुळे इथेच राहिले. वैश्विक किरणांवरच्या त्यांच्या कामाला तिथे टाटा निधीचीच मदत होती. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. घर मुंबईतले, सुखवस्तू पारशी. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई या त्यांच्या आत्या. ऑगस्ट १९४३ मध्ये त्यांनी जे. आर. डी. टाटांना लिहिले, की योग्य परिस्थिती आणि पैशाचे पाठबळ नसल्यामुळे भारतात विज्ञानाची वाढ खुंटते आहे. जे. आर. डीं.चे उत्तर उत्साह देणारे होते : ठोस योजना आणि तिच्यामागचे भक्कम कारण मांडा, निधी विचार करील.

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी निधीचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहिले. भारताच्या विज्ञान-इतिहासात इतका फलदायी अर्ज दुसरा सापडणे कठीण. मूलभूत भौतिकशास्त्राचे मोठे केंद्र भारतात नाही. चांगली माणसे आहेत, पण ती देशभर विखुरलेली आहेत. त्यांना एका ठिकाणी योग्य मार्गदर्शनाखाली आणले तर आजच्यापेक्षा पुष्कळ सरस काम होईल, असे त्यात म्हटले होते. संशोधनाबरोबर वरच्या पातळीचे अध्यापनही योजनेत होते. आणि एक भविष्यवेधी मुद्दा होता : दोनेक दशकांत अणुशक्तीपासून वीज मिळू लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये. हिरोशिमाच्या सतरा महिने आधीचे हे लेखन आहे.

पुढच्याच महिन्यात विश्वस्तांनी योजनेला अनुकूलता दाखवली. मुंबई सरकार सहभागी झाले. जून १९४५ मध्ये बंगळूरात काम सुरू झाले आणि १९ डिसेंबर १९४५ रोजी मुंबईत पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. याच बंगल्यात भाभांचा जन्म झाला होता.

साहांची मागणी एका यंत्रासाठी होती आणि ते एका जुन्या, गरीब, वादग्रस्त विद्यापीठाच्या तळघरात बसवायचे होते. भाभांची मागणी एका संस्थेसाठी होती; यंत्रे पुढे येणार होती. संस्थेत कोणाला घ्यायचे, काय विकत घ्यायचे, कशाला नाही म्हणायचे हे ठरवणारा माणूस अर्ज लिहिणाराच होता. सिनेट नव्हती, परीक्षा नव्हत्या, थकलेले पगार नव्हते. देणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर यात जोखीम कमी होती. ओळखीचा, पारखलेला, कर्तबगार माणूस समोर असताना मध्ये विद्यापीठ कशाला?

स्वतंत्र भारताच्या सरकारनेही असाच विचार केला. ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. भाभा अध्यक्ष, सोबत शांतिस्वरूप भटनागर आणि के. एस. कृष्णन. या तिघांत साहा नव्हते. भटनागरांच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने राष्ट्रीय प्रयोगशाळांची माळ उभी केली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी नेहरूंच्या हस्ते झाले. त्यानंतर आठच दिवसांनी कोलकात्यात साहांच्या अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेचे उद्घाटन इरेन झोलिओ-क्युरी यांनी केले. ती संस्था विद्यापीठाची होती, आणि अनुदानासाठी साहांना आता भाभा ज्यांचे प्रमुख होते त्या मंडळांपुढे जावे लागत होते.

साहांचे म्हणणे सोपे होते. आधी विद्यापीठांत माणसे तयार करा, उद्योगांचा पाया घाला. अणुशक्ती त्यातून उभी राहील. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाचे ते सदस्य होते. १९५२ मध्ये ते अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले आणि अणुऊर्जेच्या कारभारातल्या गुप्ततेवर तिथे टीका करत राहिले. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जाताना रस्त्यातच त्यांना मृत्यू आला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाला कायद्याचा आधार मिळाला. विद्यापीठांना देशव्यापी अनुदानयंत्रणा मिळाली, पण तोवर प्रयोगशील विज्ञानाचा मोठा पैसा त्यांच्या दारावरून पुढे निघून गेला होता.

पैशामागे माणसेही जातात. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, जुन्या मुंबईकरांच्या तोंडचे ‘यूडीसीटी’, १९३३ मध्ये सुरू झाला. उद्योगांच्या आणि दात्यांच्या मदतीने विद्यापीठाच्या आतच उत्तम संशोधन होऊ शकते याचा तो पुरावा होता, आणि पुढेही राहिला. त्याचे पहिले भारतीय संचालक, रंगरसायनांचे जगन्मान्य अभ्यासक के. वेंकटरामन, १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक म्हणून गेले. प्रयोगशाळेला मोठा लाभ झाला. यूडीसीटी भक्कम होती, ती उभी राहिली. देशातल्या इतर अनेक विभागांमध्ये एक-दोन माणसे गेल्यावर मागे परीक्षांचे वेळापत्रक तेवढे उरले.

या कहाणीतले सर्वांत अनपेक्षित वक्तव्य खुद्द भाभांचे आहे. ७ जानेवारी १९६६ रोजी आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक संघटनांच्या परिषदेपुढे मुंबईत त्यांनी विज्ञान आणि विकास या विषयावर भाषण केले. आधी योग्य माणूस शोधावा आणि मग त्याच्याभोवती संस्था वाढू द्यावी, हे आपले तत्त्व त्यांनी मांडले. त्याच भाषणात त्यांनी असेही सांगितले, की राष्ट्रीय प्रयोगशाळा उभारताना विद्यापीठांमधली चांगली माणसे ओढून घेतली गेली आणि त्यामुळे विद्यापीठे दुबळी झाली. ती माणसे हेच त्यांचे सर्वांत मौल्यवान धन होते. रोख अर्थातच दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांवर होता. तरीही हे साहांचेच निदान होते, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या तोंडून आलेले. सतरा दिवसांनी माँ ब्लांवरच्या विमान अपघातात भाभांचे निधन झाले.

चूक दुरुस्त करण्याचे प्रयत्न नंतर झाले. १९८४ मध्ये दिल्लीत न्यूक्लिअर सायन्स सेंटर स्थापन झाले. एकेका विद्यापीठाला न परवडणारे त्वरक-यंत्र सगळ्या विद्यापीठांनी मिळून वापरावे, अशी ती योजना होती. १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ आली. तिचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर टाटा संस्थेतले पद सोडून तिथे आले. देशभरातल्या विद्यापीठांचे आणि महाविद्यालयांचे अध्यापक तिथे येऊन राहतात, ग्रंथालय वापरतात, निरीक्षणे घेतात आणि आपल्या गावी परत जाऊन विद्यार्थ्यांना शिकवतात. मुंबईकडून पुण्याकडे, संशोधनसंस्थेतून विद्यापीठाच्या आवारात झालेला हा प्रवास तोवरच्या वाहत्या पाण्याच्या उलट दिशेचा होता.

फेब्रुवारी २०२४ पासून अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा अमलात आला आहे. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये, पैकी ३६ हजार कोटी सरकारबाहेरून, असे त्याचे जाहीर अंदाजपत्रक होते. विद्यापीठांमध्ये, विशेषतः राज्यांच्या विद्यापीठांमध्ये, संशोधन रुजवणे हा त्याचा एक घोषित हेतू आहे. पुन्हा एकदा खाजगी दात्यांकडे पाहायची वेळ आली आहे आणि पुन्हा एकदा प्रश्न तोच आहे : पैसा कोणामार्फत?

भाभांच्या पद्धतीचे सामर्थ्य नाकारण्यात अर्थ नाही. समोरच्या माणसाची पारख करून त्याच्या हाती भरभरून द्यावे, हे शहाणपणाचे आहे आणि त्यातून कुलाब्याच्या समुद्रकाठी जे उभे राहिले त्याचा अभिमान योग्यच आहे. पण त्या पद्धतीत पारखला जाण्यासाठी माणूस आधी कुठेतरी घडलेला असावा लागतो. भाभांना केंब्रिजने घडवले होते. साहांना घडवले कोलकाता विद्यापीठाने. विद्यापीठ अशांसाठीही पैसा राखून ठेवते ज्यांचे नाव अजून कोणालाच ठाऊक नाही. सिनेटची भांडणे, खरेदी समितीच्या खेपा, कुलसचिवांच्या टेबलावर पंधरा दिवस पडून राहिलेली फाइल, हे सगळे सोसण्यासारखे ठरते ते एवढ्याचसाठी. आणि हे काम जे विद्यापीठ करत नाही, त्याच्या सहीला मग टपाल पुढे ढकलण्यापलीकडे अर्थ राहत नाही.

१८६६ मध्ये, धंदा बुडाल्यानंतरच्या वर्षी, प्रेमचंद रायचंदांनी आपण कधी न पाहणार असलेल्या विद्यार्थ्यांसाठी कोलकात्याला २ लाख रुपये दिले. मेघनाद साहांचा जन्म त्यानंतर सत्तावीस वर्षांनी झाला. त्यांना ती शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा देणारा माणूस जगात नव्हता, आणि घेणाऱ्याच्या गावाचे नाव त्याने बहुधा कधी ऐकलेही नसते. मधली त्रेपन्न वर्षे ती रक्कम विद्यापीठाने सांभाळली होती.